आनंद नेमका कोणाला? ‘डिलाइटफुली’च्या भाषांतराविषयी

मंडळी, व्याख्यान तोंडवलीत आहे, तेव्हा उदाहरणंही इथलीच घेऊया. आजचा शब्द आहे इंग्रजी: ‘डिलाइटफुली’. त्याला मराठीत ‘आनंदाने’, ‘हर्षाने’ किंवा ‘आनंददायकपणे’ म्हटलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. अडचण येते ती वाक्यात.

‘डिलाइटफुली कूल ब्रीझ’ याचं ‘आनंददायकपणे थंड वारा’ असं भाषांतर करून बघा. तळाशीलच्या किनाऱ्यावर उभं राहून असं कोण बोलेल? आपण म्हणतो, ‘काय बरो वारो सुटलो हा!’ किंवा साधं, ‘वाऱ्याने बरं वाटलं.’ बरं कोणाला वाटलं? मला. मराठी वाक्यात तो ‘मला’ उघड असतो, नाहीतर गृहीत असतो. इंग्रजी क्रियाविशेषण मात्र आनंद होणाऱ्या माणसाला बाजूला ठेवतं आणि आनंद वाऱ्यालाच चिकटवतं.

दशावताराचं घ्या. संकासुराने ‘डिलाइटफुली’ संवाद म्हटले, असं इंग्रजी परीक्षणात आलं, तर त्याचा अर्थ प्रेक्षक खूश झाले. त्याचं आपण ‘संकासुराने आनंदाने संवाद म्हटले’ असं केलं, तर आनंद नटाला झाला! तो नट कदाचित घरचं दुःख बाजूला ठेवून उभा असेल. मराठीत ‘आनंदाने’ हा शब्द करणाऱ्याच्या मनाविषयी बोलतो. म्हणून इथे ‘संकासुराने मजा आणली’ हेच खरं भाषांतर. क्रियाविशेषण गेलं, अर्थ राहिला.

‘हॅपिली’चंही तसंच. वादळातून होडी परत आली, तर ती ‘सुदैवाने’ आली. ‘आनंदाने परत आली’ म्हटलं, तर होडीच नाचत आली असं वाटेल.

ही नुसती शब्दांची चैन नव्हे. जमिनीच्या कागदावर ‘राजीखुशीने लिहून देतो’ असं असतं. तिथल्या ‘खुशी’चा अर्थ आनंद नव्हे, जबरदस्ती झालेली नाही, एवढाच. इंग्रजी ‘ग्लॅडली’सुद्धा पुष्कळदा एवढंच सांगतो: करायला तयार आहे. पण संमती आणि आनंद यांत अंतर आहे, आणि संमती हीसुद्धा माणसाने स्वतः सांगायची गोष्ट आहे. सी-वर्ल्ड प्रकल्पासाठी तोंडवली-वायंगणीच्या जमिनींचा विषय निघाला, तेव्हा इथल्या ग्रामस्थांनी विरोध केला, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशा वेळी ‘गाव आनंदाने पुढे आलं’ असं वाक्य कोणी लिहिलं, तर आपण व्याकरण तपासत बसायचं नाही. आनंद कोणाला झाला, आणि तो त्याने स्वतः सांगितला का, हे विचारायचं.

भाषांतर करतानाही हाच प्रश्न आधी विचारूया. उत्तर मिळालं की मराठी वाक्य आपोआप सुचतं. बऱ्याचदा त्यात ‘आनंदाने’ हा शब्दच लागत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊया.