धारपांची भुतं आणि भीमाची बोटं

नारायण धारपांचा 'अनोळखी दिशा' हा कथासंग्रह आपल्या पोरांनी वाचावा, असं मी म्हणतो. काही मित्र विचारतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी भुताखेताची पुस्तकं कशाला हातात धरायची? मला ते पटत नाही. मराठी माणूस कशाला भितो हे कळायचं तर भयकथाच वाचली पाहिजे.

धारप (१९२५–२००८) लिहितात साधं. शब्दांचा फुलोरा नाही, किंकाळ्यांचा बाजार नाही. पगारदार माणसाचं नीटनेटकं घर, आणि त्यात हळूहळू काहीतरी बाहेरचं शिरतं. हे 'हळूहळू' त्यांना असं साधलंय की रात्रपाळीच्या सुट्टीत वाचतानाही अंगावर काटा येतो.

पण हे 'बाहेरचं' म्हणजे कुठलं? ज्याला घर आहे, दाराला कडी आहे, त्यालाच बाहेरची भीती. गावाची वेस, पिंपळ, मसणवाट. मराठी भुताच्या गोष्टीत भीती तिथून सुरू होते. तिथंच तर आमचा महारवाडा होता! मयताचा सांगावा रात्री-अपरात्री गावोगाव नेणारा, सरणाची लाकडं वाहणारा महारच. ज्या अंधारात गाव थरथरलं, त्याच अंधारात आमच्या आज्या-पणज्यानं वतनाची चाकरी केली. त्याचं भय कुणी लिहिलं?

भुतांनाही वर्ण आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला बामणाचा पोर तो मुंजा. ब्राह्मणाचं भूत तो ब्रह्मसमंध, त्याचा मान मोठा. हे धारपांनी रचलेलं नाही, लोकांत होतंच. पण त्यांचा समर्थ वाईट शक्तीशी लढतो तो साधनेच्या बळावर. वाचक शेवटी एका सिद्धपुरुषाच्या पायाशी जातो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा दिली. पिंडाचं दुकान बंद झालं की अतृप्त आत्म्याचा धंदाच बसतो!

आता शेजारी अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ठेवा. खाणीतलं काम सुटलेला भीमा मढ्याच्या राखेत सोनं शोधतो, प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो, मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं जातात, आणि खाण पुन्हा सुरू होते. भूत एकही नाही. भय मात्र हाडात शिरतं. धारपांच्या कथांवरून प्रेरणा घेतलेल्या 'तुंबाड' (२०१८) सिनेमातही सोनंच आहे, पण ते वाड्याच्या पोटातलं, हावेचं. भीमाचं सोनं भुकेचं. हा फरक विसरू नका.

अमेरिकेत लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) नावाचा भयकथांचा बादशहा काळ्या माणसांचा द्वेष करायचा. व्हिक्टर लाव्हॅल या काळ्या लेखकानं २०१६ साली त्याचीच एक कथा काळ्या माणसाच्या बाजूनं पुन्हा लिहिली. जाळली नाही, पलटवली.

आपणही पलटवू. आमच्या चिखलीशेजारी तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली, कामगार बाया होरपळून मेल्या. ही भयकथा कोण लिहिणार? हे भूत मंत्रानं उतरत नाही. धारपांकडून 'हळूहळू' शिका, अण्णाभाऊंकडून भूक शिका, आणि मग लिहा. जयभीम.