इतिहासाचा तास आणि टेंभुर्णी

इतिहास रंगवून शिकवा, असा उपदेश आम्हा शिक्षकांना नेहमी होतो. नांदेड जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मीही पानिपत रंगवले. पोरांनी टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांचा आज मला संशय येतो.

एकदा मुक्तिसंग्रामाचा पाठ संपवून मी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या : १७ सप्टेंबर १९४८ आणि २७ जुलै १९७८. पहिली साऱ्यांना पाठ होती, दुसरी कुणालाच नाही. त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. लगोलग दलित वस्त्या जळाल्या. याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. अखेर नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला.

वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, आमची आजी सांगती हे. पण हे इतिहासात येतं का?"

मित्रहो, निजामाचा जुलूम सांगताना चढणारा आपला आवाज गावाचा जुलूम सांगताना का बसतो? शिक्षकाची तळमळ मोजायचीच, तर इथे मोजा. आजीची साक्ष ज्या वर्गात येत नाही, तिथे इतिहास कितीही रंगला तरी ते नाटकच.