रेशीम आणि सफेदा

फ्रान्स्वा बूशे याने १७५६ साली रंगविलेले मादाम द पाँपादूरचे तैलचित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात आहे. रोकोको शैलीचा हा नमुना समजला जातो. नाजूकपणा, लालित्य, विलास हे शब्द उच्चारून आस्वादक समीक्षा येथे थांबते. मला तेथूनच पुढे जायचे आहे.

ही स्त्री जन्माने उमराव नव्हती. तिचे माहेरचे आडनाव प्वासाँ, म्हणजे मासा. पंधराव्या लुईच्या मर्जीने १७४५ मध्ये तिला मार्कीझ ही पदवी मिळाली, तरी त्या आडनावावरून टवाळीची पद्ये रचली गेली. जन्मावरून माणसाची किंमत करण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. मात्र तिला जातीशी एकरूप मानणे चूक ठरेल. तेथे राजा पदवी बहाल करू शकत होता. येथे कोणत्याही राजाच्या सनदेने अस्पृश्यता धुतली गेली नाही.

चित्रात तिच्या हाती उघडे पुस्तक आहे, मागच्या आरशात ग्रंथांचे कपाट दिसते, मेजावर लेखणी आहे. १७५७ च्या सालाँ प्रदर्शनात हे चित्र लोकांपुढे आले. जन्माच्या हिणवणुकीला विद्येने दिलेले हे उत्तर मला मोलाचे वाटते.

पण चित्राचा मोठा भाग व्यापला आहे तो निळसर हिरव्या रेशमी झग्याने. फ्रान्समध्ये रेशीम विणणारे मोठे शहर ल्यों. तेथील विणकरांनी १७४४ मध्ये बंड केले आणि राजसत्तेने ते मोडून काढले. रेशमावरची चमक, लेस, गोरी कांती यांसाठी त्या काळचे चित्रकार तेलात घोटलेला सफेदा वापरीत. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत, घोड्याच्या लिदीच्या उबेत आठवडेच्या आठवडे ठेवून तो तयार होई. त्याच्या धुळीने मजुरांच्या पोटात असह्य कळा येत, हात लुळे पडत. ज्या पांढऱ्याने ही कांती उजळते, ते पांढरे त्यांच्या अंगात विष होऊन भिनत होते.

बूशेचा हात कसबी आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु चमक पाहून ती कोणाच्या श्रमातून आली हे न विचारणारी समीक्षा अर्धीच राहते. पाँपादूर जन्माचा टोमणा झुगारून चौकटीत मानाने बसली. विणकर आणि सफेदा करणारा मजूर त्याच चौकटीत आले, पण माणूस म्हणून नव्हे. एक कापड झाला, दुसरा रंग. दलित समीक्षेने त्यांची नावे शोधता आली नाहीत तरी त्यांची जागा दाखविली पाहिजे.