‘लिस्ट’: एका विस्मृत शब्दाचा कल

‘लिस्ट’ म्हणजे यादी, एवढाच अर्थ आज आपल्याला ठाऊक असतो. किराणामालाच्या यादीपासून मतदारांच्या यादीपर्यंत हा शब्द मराठीत सुखाने नांदतो आहे. परंतु इंग्रजीत याच वर्णांचा आणि याच उच्चाराचा दुसरा एक शब्द होता. यादीचा ‘लिस्ट’ कापडाच्या काठावरून व कागदाच्या पट्टीवरून आला; हा दुसरा मात्र माणसाच्या अंतःकरणातून आला. आवडणे, रुचणे, मनाचा ओढा असणे हे त्याचे अर्थ. बोलीतून तो केव्हाच लोपला, पण इंग्रजी बायबलच्या जुन्या भाषांतरात तो अजूनही जागा धरून आहे. ख्रिस्ती वाचकाने त्याची दखल घ्यावी असे आम्हांला वाटते, कारण या शब्दाच्या इतिहासात आपल्या नीतिविचाराचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचे रूप ‘लिस्तान’ असे होते व त्याचा मूळ अर्थ ‘संतोष देणे’ असा होता. त्याची वाक्यरचना लक्षणीय आहे. ज्याला इच्छा होई तो माणूस वाक्याचा कर्ता नसे. चौदाव्या शतकातील चॉसर या कवीच्या काव्यातही ‘मी लिस्ट’ हा प्रयोग वारंवार आढळतो. यातला ‘मी’ हा आपला प्रथमपुरुषी ‘मी’ नव्हे. त्याचा अर्थ ‘मला’. म्हणजे ‘मला रुचते’. पुढे इंग्रजी भाषेने ही रचना टाकली आणि इच्छा करणारा माणूस कर्त्याच्या आसनावर जाऊन बसला. मराठीने मात्र तसे केले नाही. मला आवडते, मला वाटते, मला भूक लागते असेच आपण आजही म्हणतो. आजच्या इंग्रजाला जो प्रयोग कोशात शोधावा लागतो, तो आपल्या घरातील लहान मूलही सहज करते. १५७९ साली गोव्यात आलेले आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ज्या काळात त्यांच्या मायभाषेतून ही रचना मावळत होती, त्याच काळात ते मराठीत लिहीत होते. ती येथे त्यांना पदोपदी भेटली असणार.

‘लिस्ट’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘लस्ट’. आज हा शब्द कामवासनेसाठी बदनाम आहे. पण प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ आनंद किंवा आवड असा होता, आणि जर्मन भाषेत तो अद्याप तसाच आहे. त्याच्या अधोगतीस बायबलची भाषांतरे बऱ्याच अंशी कारणीभूत झाली. ग्रीक नव्या करारातील ‘एपिथुमिया’ या शब्दाचा अर्थ तीव्र इच्छा. ही इच्छा पापाकडे नेणारी असली की भाषांतरकारांनी ‘लस्ट’ लिहिले. लूकच्या बाविसाव्या अध्यायात शिष्यांबरोबर वल्हांडणाचे भोजन करण्याची उत्कट इच्छा प्रभू येशू बोलून दाखवतो, तेथेही मुळात हाच शब्द आहे. पण तेथे त्यांनी दुसरा, सोवळा शब्द योजला. मूळ शब्द एकच, वाटा मात्र दोन झाल्या. मराठीत ‘वासना’ या शब्दाचे असेच झाले आहे. प्रवचनात तो उच्चारला की श्रोते खाली मान घालतात. पण आजाऱ्याची अन्नावरची वासना उडाली असे आजी म्हणते, तेव्हा त्यात पापाचा लवलेश नसतो.

१६११ सालच्या किंग जेम्स आवृत्तीत ‘लिस्ट’ हे क्रियापद चार ठिकाणी आले आहे. योहानच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला वाऱ्याविषयी सांगतो, तेथे वारा त्याला रुचेल तिकडे वाहतो. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सुकाणू धरणाऱ्याला रुचेल तिकडे मोठे तारू वळते. मत्तयच्या सतराव्या व मार्कच्या नवव्या अध्यायात लोक येणाऱ्या एलियाशी त्यांना रुचेल तसे वागले. मत्तय स्पष्टच सांगतो की हा उल्लेख योहान बाप्तिस्त्याचा आहे. पवित्र आत्म्याची खूण असलेला वारा, तारवाचा नाखवा आणि संदेष्ट्याचे मारेकरी या तिघांनाही एकच क्रियापद. ग्रीकमध्ये याकोबाचे क्रियापद निराळे आहे. इंग्रजीने ते भेद पुसले. तरीही हा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही. ओढा या गोष्टीला स्वतःचे पुण्य नाही आणि पापही नाही, हे या योगायोगाने जितके स्पष्ट होते, तितके एखाद्या ग्रंथानेही क्वचितच झाले असते.

इतर भाषांतरकारांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. कॅथलिकांच्या १५८२ सालच्या ऱ्हीम्स आवृत्तीने लॅटिन पाठाला धरून योहानच्या त्या वचनात ‘वारा’ऐवजी ‘आत्मा’ आणि रुचण्याऐवजी संकल्पाचे क्रियापद घेतले. ईशज्ञानाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे; परंतु वाऱ्याचा गारवा त्यातून निघून गेला. ग्रीक शब्दात वारा आणि आत्मा दोन्ही सामावतात, आणि निकदेमाला कोडे पडते ते त्यामुळेच. १९८९ सालच्या नव्या सुधारित प्रमाण आवृत्तीने वाऱ्याला ‘निवड’ करायला लावले. हे आम्हांला सर्वांत कमी पटते. निवड करणारा दोन वस्तू समोर ठेवून तोलतो. वारा तोलत नाही. १९६६ सालच्या जेरुसलेम बायबलने ‘आवडेल तेथे’ अशा अर्थाचा शब्द वापरला. ‘लिस्ट’चा मूळ अर्थ संतोष देणे हाच असल्याने, जुना शब्द टाकूनही त्याचा प्राण याच आवृत्तीने राखला असे आमचे मत आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. आमच्याकडे प्रायश्चित्त संस्कारासाठी येणारे कितीतरी भाविक मनात आलेला राग, आलेला मोह, आलेला कंटाळा हे सारे पाप म्हणून सांगतात. ते ‘मी राग केला’ आणि ‘मला राग आला’ यांतील अंतर विसरलेले असतात. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ साली शिकवले की बाप्तिस्म्यानंतरही माणसात वासना उरते; ती पापातून येते व पापाकडे कलते, पण जो तिला संमती देत नाही त्याला ती अपाय करू शकत नाही. ती झुंजीसाठी ठेवलेली आहे. जी गोष्ट ‘मला’ होते ती अजून ‘मी’ केलेली नसते. मधल्या उंबरठ्यावर संमती उभी असते. मराठीचे व्याकरण हा उंबरठा रोज दाखवते. याच्या उलट, ‘आमचा स्वभावच तसा’ म्हणून सारे कलावर ढकलणारेही आहेत. त्यांना याकोबाचे तारू दाखवावे. त्या वचनात वारे प्रचंड आहेत आणि सुकाणू अगदी लहान आहे, तरी तारू वळते ते सुकाणूनेच.

‘लिस्ट’ मेला, पण त्याचे एक अपत्य इंग्रजीत जिवंत आहे : ‘लिस्टलेस’, म्हणजे ज्याला कशातच रुची उरलेली नाही असा. पंधराव्या शतकापासून हा शब्द चालत आला आहे. वाळवंटातील जुन्या तपस्व्यांनी ज्या विकाराला ‘असेडिया’ म्हटले, तो याच्या जवळचा. आपण त्याचे भाषांतर ‘आळस’ असे करतो, ते अपुरे आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते तो आध्यात्मिक हिताविषयी वाटणारा विषाद आहे. ज्याला प्रार्थनेची गोडीच वाटेनाशी झाली, त्याला कष्टाळू म्हणून जगाने गौरवले तरी तो या रोगाने ग्रासलेला असू शकतो. यावरून ध्यानात येते की ओढा मारून टाकणे हे ख्रिस्ती साधनेचे ध्येय असूच शकत नाही. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या तेराव्या पुस्तकात प्रीतीला वजनाची उपमा दिली आहे : प्रत्येक वस्तू आपल्या वजनाने आपल्या जागी जाते, तसा माणूस आपल्या प्रीतीने जातो. वजन नसलेला माणूस देवाकडे तरी कसा जाणार?

जहाज एका बाजूला झुकले की इंग्रजीत त्यालाही ‘लिस्ट’ म्हणतात. तो हाच शब्द की निराळा, याविषयी कोशकारांत एकमत नाही. मराठीला हा पेच पडत नाही. होडी कलते, दिवस कलतो आणि मनाचाही कल असतो. किनाऱ्यावरच्या आपल्या कोळी बांधवांना ठाऊक आहे की भर समुद्रात होडी कलणारच. कलली म्हणून ती बुडाली असे कोणी म्हणत नाही. कल कोणत्या बाजूला आहे हे ओळखून नाखवा सुकाणू धरतो. मनाच्या कलाविषयीही याहून वेगळे काही करायचे नसते.