सेलेनियमचे श्रेय

‘सेलेनियम कर्करोगास प्रतिबंध करते’ हे विधान गोळ्यांच्या वेष्टनावर आढळले तर त्याकडे दुर्लक्ष करता येते. पण पदव्युत्तर प्रबंधाच्या प्रास्ताविकातही ते उतरू लागले म्हणजे त्याची चिकित्सा करणे प्राप्त होते. आमच्या मते या विधानाचा कर्ताच चुकला आहे. शरीरात हे मूलद्रव्य बहुतांशी प्रथिनांच्या द्वारे कार्य करते. मानवात अशा प्रथिनांची 25 जनुके आहेत, आणि त्या साऱ्यांचे कार्य एक नाही.

यूजीए हा संकेत सामान्यतः प्रथिनाची साखळी संपल्याचे सांगतो; या प्रथिनांत मात्र त्याच जागी सेलेनोसिस्टीन जोडले जाते. त्यासाठी लागणारा वाहक आरएनए उंदरात नाहीसा केला असता गर्भ रुजल्यावर लवकरच मरतो, असे 1997 साली दिसून आले. पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण रोखणारे जीपीएक्स-4 हे एकटे प्रथिन नसले, तरीही गर्भ जगत नाही. परंतु कित्येक कर्कपेशीही याच प्रथिनाच्या आश्रयाने मरण टाळतात, हे 2014 साली स्पष्ट झाले. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज-1 चा प्रकारही असाच आहे. उंदराच्या यकृतात ते नसल्यास रासायनिक कर्कजनकाने अर्बुदे अधिक होतात. उलट फुप्फुसाच्या कर्कपेशींत ते घटविल्यास अर्बुदाची वाढ खुंटते. तेव्हा कोणते प्रथिन, कोणत्या पेशीत आणि कोणत्या अवस्थेत, हे सांगितल्यावाचून वरील विधानास अर्थ उरत नाही.

क्लार्क यांच्या 1996 च्या प्रयोगाचा दाखला सर्रास दिला जातो. 1,312 रुग्णांवरील त्या प्रयोगाचा मूळ प्रश्न त्वचेच्या कर्करोगाचा होता, आणि त्यात यश आले नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात दिसलेली घट हे दुय्यम फल, तेच गाजले. पुढे 35,533 पुरुषांवरील ‘सिलेक्ट’ प्रयोगात रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम देऊनही लाभ झाला नाही, आणि 2008 साली गोळ्या थांबविण्यात आल्या. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होते, त्यांच्यात तर उग्र स्वरूपाच्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका वाढला.

मग नरडाण्याच्या शेतकऱ्यास काय सांगावे? दादरच्या भाकरीतील सेलेनियम ती ज्वारी ज्या जमिनीत पिकली तिच्यावर अवलंबून असते. पंजाबातील नवांशहर-होशियारपूर भागात तर जमिनीतील आधिक्यानेच माणसांना व जनावरांना विषबाधा झाली आहे. म्हणून अमेरिकेतील निष्कर्ष, अनुकूल असो वा प्रतिकूल, येथे जसाच्या तसा लावता येणार नाही; आधी मोजणी हवी. तीही केवळ रक्तातील सेलेनियमची नको. सेलेनोमेथिओनिनच्या रूपाने घेतलेले सेलेनियम इतर प्रथिनांतही शिरते, आणि आकडा उगाच फुगतो. सेलेनोप्रोटीन-पी चे प्रमाण मात्र गरज भागली की स्थिरावते. खानदेशात कोणी हे काम हाती घेतल्यास प्रारंभ तेथून करावा.