बंद गाडीचा कार्ब्युरेटर वाचताना

यामाहा आरएक्स १००चा कार्ब्युरेटर तळहातावर मावतो. मिश्रधातूचं ओतीव अंग, माथ्यावर गोल टोपी, बाजूला दोन स्क्रू, तळाला एक वाटी. गाडीत तो इंजिनाच्या मागे अर्धा दडलेला असतो. त्यामुळे टाकीचं, सायलेन्सरचं, त्या खणखणीत आवाजाचं जेवढं कौतुक झालं, तेवढं याच्या वाट्याला कधी आलं नाही. माझ्या मते या गाडीतला सगळ्यांत देखणा भाग हाच. ज्या कवितेत एकही शब्द वाया गेलेला नसतो, तिच्याकडे वाचक पुन्हा पुन्हा वळतो. या वस्तूत एकही छिद्र वाया गेलेलं नाही. आणि ती नीट कळते केव्हा, तर गाडी वर्षानुवर्षं उभी राहून ही छिद्रं बुजल्यावर.

उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्या नवापूरला नव्या नाहीत. दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर दारातली मोटरसायकल गोणपाटाखाली. कुणी सुरतेला कामाला लागतो आणि गाडी भावाकडे ठेवून जातो. या गाड्यांची झोप काही महिन्यांची. मी ज्या आरएक्सबद्दल लिहितो आहे, तिची फार लांबलेली होती. विसरवाडीच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींची ती गाडी. नोकरीत असताना त्यांनी तिच्यावरूनच पाड्यापाड्यांवरच्या शाळा गाठल्या. पुढे नजर अधू झाली, घरात स्कूटर आली आणि आरएक्स पडवीत गेली. इकडच्या पावसाळ्यांची ओल तिने उभ्याउभ्या झेलली. आता नातवाला ती हवी झाली, म्हणून टेम्पोत घालून सुरत-धुळे हायवेलगतच्या गॅरेजात आणली.

मिस्त्रीने आधी किक मारली नाही. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "गुरुजी, हे पेट्रोल राहिलं नाही आता," एवढंच म्हणाला. मग प्लग काढला, त्या भोकातून चमचाभर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल सोडलं आणि किक हाताने हळूहळू खाली दाबत दट्ट्या मोकळा आहे ना, ते पाहिलं. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, ते तारेने काढलं. एअर फिल्टरचा फोम बोट लावताच चुरा झाला. हे सगळं झाल्यावर त्याने कार्ब्युरेटरला हात घातला. ही घाई न करण्याची रीत मला फार मोलाची वाटते. तुंबलेल्या गाडीला किक मारमारून लोक दमतात आणि तेवढ्या वेळात टाकीतला गंज थेट जेटपर्यंत पोचवतात.

वाटीचे स्क्रू नेमक्या मापाचा पेचकस लावला तरच सुटतात. हलका लावला की डोकी झिजून जातात. वाटी सुटली आणि तिच्या तळाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. कडेला पिवळसर, आत मधाच्या रंगाचा, मध्यभागी जवळजवळ काळा असा कडक थर. त्यावर पांढऱ्या भुकटीचे ठिपके. आणि वाटीच्या भिंतीवर एकाखाली एक रेषा, उन्हाळ्यात बंधाऱ्याचं पाणी उतरत जाताना दगडावर उमटतात तशा.

त्या रेषा वाचता येतात. पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनचं ते मिश्रण. गाडी उभी राहिली की त्यातले हलके घटक आधी उडून जातात. गाडी थंडीत पहिल्या किकला पेटते ती याच हलक्या घटकांमुळे, म्हणजे जे सगळ्यांत कामाचं तेच आधी जातं. मागे राहिलेल्या जड भागाशी हवेतला ऑक्सिजन जुळत जातो आणि डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. टाकीतून आलेला जुन्या वार्निशसारखा वास याचाच. पांढरी भुकटी मात्र पाण्याची खूण. ओल पेट्रोलमध्ये उतरली, जड म्हणून तळाशी बसली आणि तिने धातूच खायला घेतला.

या पाण्याला आता एक वाट जास्तीची मिळाली आहे. आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २०२२च्या जूनमध्ये १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाला जातं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, नाहीतर कडक होऊन चिरतात. या इथेनॉलचा एक भाग उसापासून येतो. आमच्या तालुक्यात डोकारे इथे आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे, ऊस तोडणारी माणसं तर गावोगावची. ऊस तोडायला गेलेल्या माणसाच्या दारातली गाडी उसातूनच आलेल्या द्रवामुळे बंद पडावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. धोरण चूक की बरोबर, हा इथला विषय नाही. पण गाडी उभी कशी ठेवावी, हे पंपावर कुणीतरी या माणसाला सांगायला हवं होतं.

आता ही वस्तू चालते कशी ते पाहू, कारण खरा आनंद तिथे आहे. वाटीत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल वाढलं की तो वर उचलला जातो आणि त्याच्या बळावर एक छोटी सुई वरून येणारी वाट बंद करते. पेट्रोल घटलं की सुई उतरते आणि वाट उघडते. वीज नाही, स्प्रिंगही जवळजवळ नाही, नुसतं तरंगणं. वर कार्ब्युरेटरचा गळा मध्येच अरुंद केलेला असतो. इंजिन श्वास घेतं तेव्हा त्या अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. बर्नुलीने १७३८ मध्ये द्रवांच्या प्रवाहाबद्दल लिहिलं, व्हेंचुरीने १७९७ मध्ये अरुंद नळीतल्या प्रवाहाचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि १८९३च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने फ्लोट व फवाऱ्याचा कार्ब्युरेटर इंजिनाला जोडला. आपल्याला वाटतं इंजिन पेट्रोल ओढतं. खरं पाहता वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, तोच पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. वाटीला बाहेरची हवा मिळावी म्हणून एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, आणि ते बुजलं तर बाकी सगळं लख्ख असूनही गाडी उपाशी राहते. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण पंधरा ग्रॅम हवा, हे प्रमाण ही सगळी मांडणी नुसत्या हवेच्या जोरावर जवळपास राखते.

आणि राखते ती सर्व वेगांवर. गाडी नुसती उभी चालू असते तेव्हा काम पायलट जेटचं; मिस्त्री त्याला स्लो जेट म्हणतात. मूठ थोडी पिळली की स्लाइड उचलली जाते आणि तिच्या खालच्या कापाने हवेचा हिशोब ठरतो. मधल्या टप्प्यात निमुळती निडल वर सरकत पेट्रोलची वाट हळूहळू मोठी करते; तिच्या माथ्यावर खाचा असतात आणि क्लिप एक खाच वरखाली केली की गाडीचा मधला स्वभाव बदलतो. पूर्ण रेस दिली की मेन जेटचा अंमल. प्रत्येकाने आपला टप्पा सांभाळायचा आणि दुसऱ्याच्या हाती असा सोपवायचा की बसलेल्याला सांधा जाणवू नये.

म्हणूनच रोगाची लक्षणं इतकी स्पष्ट बोलतात. गुरुजींच्या नातवाने घरी जुन्यावरच ताजं पेट्रोल टाकून पाहिलं होतं. चोक दिला की गाडी धरत होती, चोक काढला की बसत होती. मिस्त्रीने सुरुवातीलाच एवढं ऐकलं आणि म्हणाला होता, "स्लो जेट." या कार्ब्युरेटरमध्ये चोकची वाट वेगळी असते, ती मोकळी होती म्हणून गाडी तिच्यावर धुगधुगत होती, पायलटची वाट बुजली होती म्हणून चोक जाताच विझत होती. गाडी मधल्या रेसला चालली आणि वर ताणल्यावर गुदमरली असती, तर त्याने मेन जेट म्हटलं असतं. काहीही न उघडता केलेलं हे निदान मला चांगल्या समीक्षेइतकंच आनंदाचं वाटतं.

पायलट जेटचं छिद्र मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याहूनही बारीक. मिस्त्रीने तो जेट काढून उजेडाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना. मग सगळे पितळी भाग क्लीनरमध्ये बुडवून ठेवले आणि दुसऱ्या गाडीच्या कामाला लागला. इथे पुष्कळ जण क्लच केबलची पोलादी तार घेऊन जेट खरवडतात. तसं करू नये. पितळ मऊ असतं. छिद्र किंचित जरी मोठं झालं तरी कारखान्याने ठरवलेलं माप गेलं आणि मग गाडी धूर करते, पेट्रोल खाते, कुणाला कारण सापडत नाही. आमच्या मिस्त्रीने थर भिजू दिला, मग हवा मारली, पुन्हा भिजवला, पुन्हा हवा. अगदीच अडलं तेव्हा वायरमधली तांब्याची एक केसाएवढी तार, तीही न रेटता. अंगातल्या ज्या वाटा बाहेरून दिसत नाहीत त्यांच्यातूनही हवा सोडून ती कुठून निघते ते बोटाने तपासलं. शेवटी जेट पुन्हा उजेडाकडे धरला आणि माझ्या हातात दिला. त्या छिद्रातून दुपारच्या हायवेचा पांढरा ठिपका दिसत होता.

फ्लोटची सुई आणि गॅस्केट त्याने नवी घातली, जुनी जपून काय करायची. टाकी धुऊन कॉकची जाळी बदलली. टाकीत गंज असताना नुसता कार्ब्युरेटर धुणं म्हणजे आठवड्याने परत येणं.

ओघात एक दोन कार्ब्युरेटरची गाडी आठवते, एस्कॉर्ट्सची राजदूत ३५०. १९८३ मध्ये आलेली, यामाहाच्या आरडी ३५०वरून बेतलेली, दोन सिलिंडरांना दोन मिकुनी कार्ब्युरेटर. तिथे दोन्ही धुऊन भागत नाही. मूठ पिळताच दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओझं होतो. ते जुळवणारा कान आता विरळा.

आरएक्स टू-स्ट्रोक, म्हणून तिला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. उभ्या गाडीत त्या नळीत हवा शिरते, आणि ऑइल पोचलं नाही तर सुरू झालेलं इंजिन थोड्याच वेळात जाम होतं. म्हणून नळीतली हवा काढून, शिवाय पहिल्या पेट्रोलमध्येच थोडं टू-टी मिसळून मग किक. गाडी धरली, निळसर धूर गॅरेजभर झाला. मिस्त्रीने चोक काढला. आवाज खाली आला, अडखळला आणि टिकला. त्याने एअर स्क्रू एका हाताने जरासा फिरवला, थांबला, ऐकलं, किंचित मागे घेतला. गुरुजी खुर्चीवरून उठून टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झालं. संगणकावर चालणारं इंजेक्शन पेट्रोल अधिक काटेकोर मोजतं आणि टू-स्ट्रोकचा धूर छातीला चांगला नव्हताच. पण आरएक्स १००चं उत्पादन १९८५ ते १९९६ असं चाललं आणि त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. कार्ब्युरेटरच्या स्प्लेंडर तर घरोघरी. त्या पुढची अनेक वर्षं चालतील, जर कानाने निदान करणारी माणसं गॅरेजात राहिली तर. अशा मिस्त्रीकडे गेलात तर "दहा मिनिटांत करून दे" म्हणू नका. थर भिजायला वेळ लागतो.

आणि गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर एवढं करा. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. वाटीला निचऱ्याचा स्क्रू असेल तर उरलेले थेंबही काढा. टाकी अर्धवट ठेवू नका. ती काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. ऊसतोडीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हे काम होतं आणि भरलेल्या पेट्रोलखेरीज त्याला एक पैसा लागत नाही.