चेटकिणी कोणत्या रकान्यात?

आमची अकरावीत शिकणारी नात गेल्या हिवाळ्यात इंग्रजीचा एक प्रकल्प घेऊन आमच्याकडे आली. शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ आणि विशाल भारद्वाज यांचा ‘मक्बूल’ (२००३) हा चित्रपट यांची तुलना तीत होती. पानावर दोन रकाने आखलेले : साम्य आणि भेद. साम्याच्या रकान्यातील पहिलीच नोंद अशी, की नाटकातील तीन चेटकिणी म्हणजेच चित्रपटातील दोन पोलीस. तिच्या बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती. आमचे मत कोणी विचारले नव्हते. पण आयुष्यभर सरकारी फायलींवर शेरे लिहिलेल्या माणसाचा हात राहत नाही.

आमच्या मते ही नोंद भेदाच्या रकान्यात हवी. नाटकातील चेटकिणी मॅकबेथला केवळ भविष्य सांगतात; राजाला मार, असे त्या कोठेही म्हणत नाहीत. बँक्वोही तेथेच उभा असतो, त्यालाही भविष्य ऐकावयास मिळते, पण तो खंजीर उचलीत नाही. खुनाचा विचार मॅकबेथच्या स्वतःच्याच मनात उगवतो आणि त्याची पत्नी त्याला खतपाणी घालते. चित्रपटात ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांनी रंगविलेले पोलीस अधिकारी कुंडली मांडतात, तसाच डावही मांडतात. टोळ्यांचे बळ एकमेकांना तोलून धरावे, कोणी एक डोईजड होऊ नये, हा त्यांचा हिशेब. आरंभीच पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या बाष्प धरलेल्या काचेवर बोटाने कुंडली काढली जाते आणि थोड्याच वेळात त्याच काचेवर रक्त उडते. भविष्य सांगणारे आणि ते घडवून आणणारे हात एकच आहेत. मग मक्बूलचा अपराध किती आणि या व्यवस्थेचा किती? वर्गात एवढ्या एका प्रश्नावर तास खर्ची पडला असता, तरी तो सार्थकी लागला असता.

दुसरी गोष्ट खुनाची. डंकनचा खून शेक्सपिअर रंगमंचावर दाखवीत नाही. मॅकबेथ रक्ताने माखलेले हात घेऊन येतो, पतिपत्नींचे तुटक, घाबरे बोलणे होते आणि तेवढ्यात दारावर थापा पडू लागतात. या थापांवर डी क्विन्सी याने १८२३ मध्ये एक निबंध लिहिला. खुनाच्या क्षणी थबकलेले माणसांचे जग त्या आवाजाने पुन्हा चालू होते आणि तेव्हाच झाल्या कृत्याचे भय आपल्याला भिडते, असे त्याचे म्हणणे. चित्रपटात मात्र अब्बाजींवर गोळी झाडलेली आपण पाहतो. शेजारी असलेल्या निम्मीवर रक्त उडते. येथे भय डोळ्यांवाटे येते, तेथे कानांवाटे.

आम्ही नातीला विचारले, “त्या थापांचे काय झाले?”

“आजोबा, पिक्चरमध्ये तर त्या नाहीच आहेत,” ती म्हणाली. मग ओशाळून तिने सांगितले, की दुसरा अंक तिने वाचलाच नव्हता. सारांश वाचला होता.

तिला रागावण्याचा अधिकार आम्हांस नाही. पदवी परीक्षेला लेडी मॅकबेथचे स्वभावचित्र आम्ही बाजारातील गाइडावरून पाठ करून लिहिले आणि उत्तीर्णही झालो. नाटक सलग वाचले ते सेवानिवृत्तीनंतर. आता गाइडाची जागा ‘क्लोज-अप’ आणि ‘लो अँगल’ या शब्दांनी घेतली आहे, इतकाच फरक. कॅमेरा खाली ठेवला हे मुले लिहितात. तो तेथे का ठेवला, हे त्यांना कोणी विचारीत नाही.

केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌स यांनी कवीचे नाव आणि काळ न सांगता विद्यार्थ्यांच्या हाती कविता दिल्या आणि त्यांची मते लिहून घेतली. चांगली शिकलेली मुले वाटेल तशी घसरली. रिचर्ड्‌स यांनी त्या घसरण्याचाच अभ्यास करून १९२९ साली ग्रंथ सिद्ध केला. आपल्याकडे चुकीला शून्य गुण मिळतो, म्हणून मूल तयार उत्तराच्या शोधात निघते.

वास्तविक मराठी घरातील मुलांना हे प्रकरण परके वाटू नये. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०), शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही सारी शेक्सपिअरचीच मराठी रूपे. मूळ कोठे सोडले आणि का सोडले, हा वाद आमच्या वडिलांच्या पिढीत जेवणाच्या पानावर होत असे. असो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघांनी दुसरा अंक मोठ्याने वाचला. पुढचे तिने एकटीने वाचले. चार दिवसांनी ती पुस्तक उघडूनच आली. चेटकिणी काही करीत नाहीत, हे आमचे विधान तिला अमान्य होते. पहिल्याच प्रवेशात मॅकबेथला गाठण्याचे त्या ठरवतात आणि चौथ्या अंकात द्वयर्थी आश्वासने दाखवून त्याला गाफील ठेवतात. ही करणी नव्हे तर काय? तिने जुनी नोंद खोडली, पण आमच्या रकान्यातही लिहिली नाही. मधल्या रेघेवर लिहिली. आम्ही बँक्वोचा दाखला पुन्हा दिला. तिला तो अद्याप पटलेला नाही.